गुलाबांचा वॉर्ड

आमच्या कॉलनीत कुणाचाही दात घासायचा ब्रश जुना झाला की तो कचऱ्यात जायचा नाही, शेजारच्या मेट्रनबाईंकडं जायचा. त्यांनी तसा हुकूमच काढला होता. सकाळी फाटकात उभ्या राहून त्या खणखणीत आवाजात विचारायच्या, "काय गं, झाला का ब्रश जुना?" जणू आम्ही मुद्दाम हळू दात घासून त्यांचं नुकसान करत होतो. गोळा केलेले ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून त्या गुलाबाच्या फांद्यांवर चिकटलेली खवले कीड घासून काढायच्या. फांदी डाव्या हातात धरायची, अंगठ्यानं फिरवत राहायची आणि वरून खाली घासत यायचं. एकदा माझ्या नवऱ्याचा ब्रश सापडेना. मी न विचारताच उचलून दिला होता. तो भिंतीवरून डोकावून बघतो तर त्याचा निळा ब्रश पलीकडं एका लाल गुलाबाच्या सेवेत. तो नुसता हसला. त्याला त्या बाईंचं कौतुक होतं. सगळ्यांनाच होतं.

मला नव्हतं. मला त्यांचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, सकाळचा चहा कडू करणारा.

आता त्या भिगवणला बहिणीकडं राहतात. त्यांचं घर ज्यांनी घेतलं त्यांनी बाग काढून फरशी घातली आणि तिथं गाडी उभी केली. येणारेजाणारे मला म्हणतात, तुम्हाला फार चुकल्यासारखं होत असेल, नाही? मी मान हलवते. काय सांगणार? त्या शेजारी होत्या तेवढी वर्षं मी रोज भिंतीपलीकडं बघून जळत होते, असं कुणी तोंडानं सांगतं का? आणि तो हेवा नुसता गुलाबांचा असता तरी परवडलं असतं. तो आबांचा होता. आबा म्हणजे माझे वडील.

आई गेल्यावर मी आबांना कोऱ्हाळ्याहून बारामतीला आणलं. गावी दादा, माझा भाऊ, शेती बघतो. घरात सून आहे, नातवंडं आहेत. पण आबांनी जेवण टाकलं होतं, आणि मी हट्टानं म्हणाले की मी नेते. लहानपणापासून माझ्या मनात होतं की कधीतरी आबा आणि मी निवांत बसू आणि बोलू. ते शेतातून यायचे तेव्हा मी झोपलेली असायचे, मी शाळेत जायचे तेव्हा ते पाण्याच्या पाळीवर. नंतर लग्न झालं. आता मी हायस्कूलला गणित शिकवते, संध्याकाळी घरी असते, म्हटलं आता बोलू. तर आबा नुसते खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडं बघत.

"आबा, जेवलात का?"

"व्हय."

"गुडघा दुखतोय का?"

"न्हाय."

संपलं. पुढचं मी काहीही विचारलं तरी उत्तर या दोनांतलंच एक. मी शेंगदाण्याची चटणी केली, हुलग्याचं माडगं केलं, गावाकडचा विषय काढला. व्हय, न्हाय.

मग एके दिवशी सकाळी मेट्रनबाई पाइपला बोट लावून गुलाबांवर पाण्याचा फवारा सोडत होत्या, तो भिंतीवरून आला आणि आबांचं वर्तमानपत्र भिजलं. आबा उठून भिंतीपाशी गेले. मला वाटलं, आता भांडतील, आणि खरं सांगते, मला ते चाललं असतं.

"मावा पडलाय जणू," आबा म्हणाले.

"पडलाय. तुम्हाला तिथनं कसा दिसला?"

"मावा कुठला दिसतोय? डोळं गेल्यात माझं. भिताडावर मुंग्यांची रांग लागलीय न्हवं, ती तेवढी दिसती. मुंग्या चढायला लागल्या म्हंजी वर मावा असतोयच."

पलीकडं फवारा बंद झाला. मग बाई म्हणाल्या, "या इकडं. पण हात धुऊन या."

आबा गेले. दुपारी जेवताना ते आपण होऊन बोलले. किती दिवसांनी माझ्याशी बोललेलं सलग वाक्य ऐकलं. ते वाक्य होतं, "बाई लई हुशार हाय." मी ताटात भाकरी वाढत होते. ती हातातच राहिली.

मेट्रनबाई सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या. बाळंतपणाच्या वॉर्डात त्यांची निम्मी नोकरी गेली. लग्न केलं नव्हतं. भिगवणच्या बाजूच्याच एका गावातल्या. पांढरी स्वच्छ साडी, केसांचा घट्ट अंबाडा आणि चालताना पायांचा आवाज असा की लांबूनच माणूस सावरून बसावा. पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती होती, तिच्यासमोर रोज सकाळी बागेतलं पहिलं फूल. बाकी एकही फूल त्या तोडायच्या नाहीत आणि कुणाला तोडू द्यायच्या नाहीत. गावी असताना आबांनी त्यांच्या समाजाच्या घरात कधी पाणी घेतल्याचं मला आठवत नाही. इथं ते त्याच बुद्धासमोर बसून बशीतून चहा प्यायला लागले आणि मला काही म्हणालेसुद्धा नाहीत. यात मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण माझ्या घरचा चहा ते निम्मा ठेवायचे, हेही मी बघत होते.

बाग त्यांच्या दृष्टीनं वॉर्ड होता. झुडपांना त्या बेड म्हणायच्या. सकाळी राउंड. कात्री उकळत्या पाण्यातून काढलेली, आणि एका झुडपाकडून दुसऱ्याकडं जाताना ती स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची, मग समोरचा कितीही ताटकळो. पानांवर पांढरी भुरी आलेल्या झुडपाला पातळ ताकाचं पाणी फवारायचं, काळ्या ठिपक्यांची पानं वेचून कागदात गुंडाळून जाळायची, खाली एक पान पडू द्यायचं नाही. आणि शेंडेमर, म्हणजे फांदी टोकाकडून काळी पडत खाली सरकते तो रोग, त्याच्यावर तर बाईंचा खास दात. "हिरवं लागेपर्यंत कापायचं. हळहळत बसलं की पेशंट गेला," असं म्हणून त्या कच्चदिशी कापायच्या आणि वर मोरचूद-चुन्याचा लेप लावायच्या. आबा लेपाची वाटी धरून शेजारी उभे. गावाकडं ज्यांच्यासाठी घरातली माणसं पाण्याचा तांब्या घेऊन धावायची, ते माझे आबा.

त्या बागेत शिरायचे नियम होते. फाटकाजवळच्या नळावर साबणानं हात धुवायचे. दुसऱ्या कुणाच्या बागेतून आला असाल तर चपला बाहेर. आणि अंगावर पिवळा किंवा निळा कपडा असेल तर आत पाऊल टाकायचं नाही. पिवळ्यावर मावा आणि पांढरी माशी येते, निळ्यावर फुलकिडे येतात, तुम्ही त्यांना पाठीवर बसवून माझ्या वॉर्डात आणता, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा दिवाळीचा फराळ घेऊन गेले. नवीन पिवळी साडी होती. बाईंनी फाटकातच ताट घेतलं आणि म्हणाल्या, "छान दिसतेस हो. आत येऊ नकोस." आत बाकावर आबा बसले होते. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "तुला ठावं न्हाय व्हय गं?"

पण पिवळ्या रंगाला बाहेर ठेवणाऱ्या या बाई स्वतः काय करायच्या? त्यांच्याकडं पिवळाधमक रेनकोट होता. ऊन चांगलं तापलं, आभाळात ढगाचा पत्ता नसला, की बाई तो रेनकोट अंगात घालायच्या, त्याला बाहेरून एरंडेल चोपडायच्या आणि गुलाबांच्या रांगांमधून हळूहळू फिरायच्या. हात पसरून. मध्येच झुडपांना कोपरानं ढोसायच्या, म्हणजे बसलेले किडे उडावेत आणि पिवळ्यावर येऊन तेलात चिकटावेत. कॉलनीत नव्यानं आलेली माणसं घाबरून दारं लावून घ्यायची. फेरी झाली की बाई बाहेर येऊन आबांसमोर पाठ करून उभ्या राहायच्या. आबा चष्मा पुसून, नाक अगदी रेनकोटाला लावून वाचून दाखवायचे, "खांद्याव मावा हाय. पाठीव पांढरी माशी, लई न्हाय. फुलकिडं दिसंनात."

"नीट बघा आबा."

"बघतोय की! हलू नगा तुमी."

मी धुणं वाळत घालायच्या निमित्तानं गच्चीवरून हे बघायचे. मॅट्रिकला मी तालुक्यात वर आले होते, तेव्हा माझी मार्कलिस्ट आबांनी हातात घेतली, उलटी होती, तशीच परत दिली आणि म्हणाले, "बरं झालं." त्या रेनकोटाच्या पाठीकडं ते जेवढा वेळ बघायचे, त्याच्या पाव वेळ त्यांनी माझ्या कुठल्याच गोष्टीकडं बघितलं नव्हतं. मी चिमटे दातात धरून उभी राहायचे.  पन्नाशीच्या बाईला असं वडिलांवरून होतं, हे हसण्यासारखं आहे. हसा खुशाल.

एकदा वाटलं, आता सापडल्या. त्यांच्या पानांच्या कडांना गोल गोल भोकं पडलेली मला भिंतीवरून दिसली, कात्रीनं कापावीत तशी सुबक. मी गडबडीनं हाक मारली, "बाई, तुमच्या पानांना कीड लागलीय!" आवाजातला आनंद मला लपवता आला नसावा. बाईंनी वर बघितलंही नाही.

"कीड नाही ती. पानं कापणारी माशी आहे. बाळंतीण आहे. पिलांसाठी दुपटी कापून नेतेय. तिला कुणी काही बोलायचं नाही."

आणि आबा मला म्हणतात, "वरडू नगंस. ती बुजती."

मग मीही गुलाब लावले. आमच्या घराच्या पुढं, आबांच्या खुर्चीतून थेट दिसतील असे. मला बागेची हौस नव्हती, मला आबांची खुर्ची इकडं वळवायची होती. कृषी सेवा केंद्रातून औषधं आणली, दुकानदार म्हणेल ती. मावा दिसला की फवार, काही दिसलं नाही तरी फवार. पहिल्यांदा चकाचक झालं. मग पानं तांबूस, निस्तेज व्हायला लागली, आणि उलटी करून बघितली तर बारीक जाळी आणि त्यात लाल कोळी वळवळतोय. आणखी औषध मारलं, आणखी कोळी झाला. बाई भिंतीपाशी आल्या, एक पान उलटं करून बघितलं आणि म्हणाल्या, "चोर धरणारे पोलीसच मारून टाकलेस की गं तू." म्हणजे मावा आणि कोळी खाणारे ढालकिडे वगैरे सगळे माझ्या औषधानं आधी मेले, आणि कोळ्याला रान मोकळं झालं. त्यांनी सांगितलं ते बरोबर होतं. पानांच्या खालून रोज पाणी मारायला लागल्यावर कोळी हटला. पण ते आबांनी सांगायला हवं होतं. आबांना मी मुद्दाम बोलावून झुडूप दाखवलं होतं. ते वाकले, हात लावला, आणि म्हणाले, "बाईंना इचार."

माझे गुलाब त्यानंतर बरे जगत होते. चार फुलं यायची. आबांची खुर्ची मात्र जिथं होती तिथंच, आणि बहुतेक वेळ रिकामी.

मग बाईंच्या बहिणीचं ऑपरेशन ठरलं आणि बाई भिगवणला निघाल्या. जाताना त्यांनी आबांना रीतसर चार्ज दिला. सकाळी पाण्याचा फवारा, अधूनमधून लिंबोळी अर्क, तोही त्यांच्या हातातल्या छोट्या बाटलीनं, पानांच्या खालून. आबा उभे राहून ऐकत होते. मी घराची किल्ली त्यांच्याकडं देते तेव्हा ती ते कुठं ठेवतात हे त्यांना आठवत नाही. बाईंची किल्ली त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात घातली आणि वरून दोनदा चाचपली.

बाटलीचा खटका दाबून दाबून आबांचा अंगठा सुजला. मला म्हणाले असते तर मी मारलं असतं. नाही म्हणाले. त्यांनी दादाला फोन केला की बारामतीला येशील तेव्हा घरचा पाठीवरचा पंप घेऊन ये. दादा आला, पंप ठेवला, चहा घेऊन गेला. मी शाळेत होते. आबांनी पंपात लिंबोळी अर्क कालवला आणि बाईंची सगळी बाग, एक पान न सोडता, खालून वरून फवारली. संध्याकाळी मी विचारलं, "आबा, माझ्या गुलाबांवर मारलंत का?"

"न्हाय. औषध बाईंचं हाय. त्यास्नी इचारल्याबिगर कसं मारायचं?"

पंपात उरलेलं त्यांनी ओतून दिलं होतं. म्हणजे माझ्या झुडपांवर मारण्यापेक्षा जमिनीत. मी रागानं आत जाऊन भांडी घासली.

पुढच्या आठवड्यात बाईंच्या बागेत मला काहीतरी वेगळं दिसलं. कोवळे शेंडे खाली वाकलेले, छत्रीच्या मुठीसारखे. नवी पानं रुंद व्हायची सोडून सुतळीसारखी पिळलेली. एका झुडपाचं नाही, सगळ्यांचं. मी उसाच्या घरातली मुलगी आहे. वहिनीनं बांधावर लावलेल्या दोडक्या-वाळकाचे वेल एका वर्षी असेच पिळून गेले होते, शेजारच्या उसात तणनाशक मारलं तेव्हा. ते औषध उसाला काही करत नाही, पण बाकी रुंद पानाचं काही सोडत नाही. आणि ज्या पंपानं ते मारलं, तो पंप कितीही विसळा, त्याच्या नळीत, वायसरात ते बसून राहतं. म्हणून आबांनी घरात कायम दोन पंप ठेवले होते. औषधाचा पडवीत आणि तणाचा बाहेर बाभळीला टांगलेला. त्याला घरात आणलेलं त्यांना खपत नसे.

मी दादाला फोन लावला. "कुठला पंप दिलास रे?"

"शेडमधला. का गं?"

"तणाचा कुठं असतो?"

"त्योबी शेडमधीच. बाभळ पाडली न्हवं, शेड बांधताना." मग घाईघाईनं म्हणाला, "धुतलावता की गं त्यो."

मी फोन ठेवला. आणि पहिल्यांदा मला काय वाटलं ते सांगते. आनंद झाला. इतकी वर्षं नख न लागू दिलेली ती बाग एका फटक्यात गेली होती, आणि माझी, आबांनी ढुंकून न बघितलेली, तशीच हिरवीगार उभी होती. त्यांनी माझ्याकडं दुर्लक्ष केलं म्हणून माझे गुलाब वाचले! मग लक्षात आलं की माझ्या हातात आता आणखी काय आहे. एक वाक्य सांगायचा अवकाश, की आबा, तुम्ही बाईंच्या बागेवर तणनाशक मारलंत. आबा पुन्हा त्या फाटकात पाय ठेवायचे नाहीत. मानी माणूस. ते माझ्या अंगणात बसतील, माझा चहा पुरता पितील.

आबांना नीट दिसत नव्हतं, पण बोटांना कळत होतं. संध्याकाळी ते पलीकडून आले तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"पानं आखडल्यात गं. शेंडं वाकडं झाल्यात." मग म्हणाले, "दादानं दिला त्यो पंप औषधाचाच हाय न्हवं?"

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांचे हात मांडीवर होते आणि एका हाताची बोटं दुसऱ्या हाताला चोळत होती. वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी म्हणाले, "बाई येऊ द्यात, त्या बघतील." दयेनं म्हणाले की नुसतीच कचरले, ते मला आजही सांगता येत नाही. आबा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही ताट तसंच उठवलं. आई गेली तेव्हा बसायचे तसे भिंतीकडं तोंड करून बसले, आणि माझा आनंद कुठल्या कुठं गेला.

बाई आल्या त्या सकाळी आबा आधीच त्यांच्या फाटकाबाहेर टोपी हातात घेऊन उभे होते. मी भिंतीच्या अलीकडं, शाळेला जायच्या साडीत. बाईंनी पिशवी ठेवली, नळावर हात धुतले आणि राउंडला निघाल्या. एकेका झुडपापाशी थांबत होत्या. शेंडा बोटात धरून सोडून देत होत्या.  कोपऱ्यात पंप ठेवला होता. त्यांनी त्याचं झाकण उघडलं, नाक आत घातलं आणि बराच वेळ तशाच वाकून राहिल्या. सरळ झाल्या तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्याही याच पाण्याच्या, याच उसाच्या मुलखातल्या. त्यांना कळलं होतं, आणि मला कळलंय हेही कळलं होतं.

"बाई," आबा म्हणाले, "माझ्या हातनं काय तरी वंगाळ झालंया. त्यो पंप..."

"पंपाचा काय संबंध?" बाई एकदम वॉर्डातल्या आवाजात बोलल्या. "व्हायरस आहे हा. मी जायच्या आधीच लागण झाली होती, मला दिसली होती. म्हटलं बघू, आल्यावर बघू. माझंच चुकलं."

"पर फवारल्यावरच शेंडं वाकडं..."

"फवारलंत म्हणून एवढे दिवस तरी झुडपांनी तग धरला. आबा, मी आयुष्यभर साथी बघितल्यात. मला शिकवता काय?"

आबांचा विश्वास बसत नव्हता. बसावा अशी त्यांची धडपड दिसत होती, पण बसत नव्हता. बाईंनी भिंतीकडं बोट केलं. "माझं नका ऐकू. तुमची लेक गणिताची बाई आहे, ती उगाच कुणाच्या हो ला हो म्हणणार नाही. तिला विचारा. काय गं, व्हायरसच आहे ना?"

आबा वळले. माझ्या घरी आल्यापासून, नव्हे माझ्या जन्मापासून, त्यांनी माझ्याकडं असं कधी बघितलं नव्हतं. डोळे बारीक करून, मान पुढं काढून, माझ्या तोंडून काय निघतंय याची वाट बघत. याच नजरेसाठी मी इतकी जळले होते.

"व्हायरसच आहे, आबा," मी म्हणाले. "मी ओळखला होता."

आबांनी टोपी डोक्यावर घातली आणि तिथंच बाकावर बसले. बाई म्हणाल्या, "आता हा वॉर्ड बंद. साथीच्या वॉर्डात व्हिजिटर नाही. तुम्ही तिकडं ड्यूटी करा, लेकीच्या बागेत. तिकडं लागण नाही."

दुपारी त्यांनी सगळी झुडपं बुडख्यापर्यंत छाटली. जी अगदी गेली होती ती उपटली. मी शाळेतून आल्यावर पंप न्यायला गेले, तेव्हा त्या ढिगापाशी बसल्या होत्या आणि डोळे लाल होते. दादाच्या शेडची, पाडलेल्या बाभळीची हकीकत मी त्यांना सांगितली.

"वाईट वाटलं असेल ना हो?" मी विचारलं. काय मूर्खासारखा प्रश्न.

"सकाळी न्हाणीत रडून घेतलं," त्या म्हणाल्या. "गुलाब काय, पुन्हा लावता येतात. म्हाताऱ्या माणसाच्या मनाला एकदा असं लागलं की ते हिरवं लागेपर्यंत कापता येत नाही." मग नेहमीच्या आवाजात, "पंप भावाकडं धाड. आणि सांग त्याला, दुसरी बाभळ लाव."

त्या क्षणी त्यांचा जेवढा हेवा वाटला तेवढा कधीच वाटला नव्हता. गुलाब असे माझ्याही हातून कधीतरी आले असते. ते खोटं मला सुचलं नसतं. मी आबांची लेक, आणि आबांना वाचवायचं त्या बाईंना आधी सुचलं.

दुसऱ्या दिवसापासून आबा माझ्या बागेत यायला लागले. हात धुऊन, चपला बाहेर काढून. मला हवं होतं ते अखेर मिळालं, आणि तेही बाईंनी दिलेलं! ते पानं उलटी करून बघायचे आणि प्रत्येक पानामागं बाईंचं नाव यायचं. बाई असं धरायच्या, बाई हितनं कापायच्या. मी ऐकून घ्यायचे. कधी कधी बाईंचं बोलता बोलता ते आईचं काहीतरी सांगायचे, मला कधीच न सांगितलेलं. आई सासरी आली तेव्हा परड्यात तिनं देशी गुलाब लावला होता म्हणे. त्याचा गुलकंद करायची. मग मी कात्री खाली ठेवून ऐकायचे.

थंडी पडता पडता एका झुडपाला मोठं गुलाबी फूल आलं. एकही पाकळी डागाळलेली नव्हती. आबा त्याच्यापुढं वाकून उभे राहिले, बोटानं देठाला आधार दिला, पुष्कळ वेळ बघितलं आणि म्हणाले, "चांगलं आलंय गं."

मी वाकून बुडाशी पडलेलं एक पान उचललं. 

"कात्री आन," आबा म्हणाले. मी आणली. त्यांनी लांब देठ ठेवून फूल कापलं. "बाईंच्याकडं फूल न्हाय. बुद्धाम्होरं रोज रिकामंच असंल. देऊन येतो."

सगळं अंग तापलं माझं. माझ्या झाडाचं पहिलं चांगलं फूल! त्याचं कौतुक पुरतं कानात शिरलंही नव्हतं आणि ते निघालं भिंतीपलीकडं. आबा फाटकापर्यंत गेले आणि थांबले.

"आगं, हुबी काय ऱ्हायलीस? चल की. फूल तुझं हाय, मी एकट्यानं घिऊन कसं जायाचं?"

मी चपला घातल्या. हेवा काही गेला नव्हता. पण आबांनी माझ्यासाठी फाटक उघडं धरलं होतं, तेव्हा तो हेवा घेऊनच निघाले.